खोडरबर बाजूला ठेवा

मराठी घरातल्या चित्रकलेच्या डब्यात खोडरबराला फार मान असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला बसलेलं मूल स्थिरचित्राच्या कागदावर आधी उभी मध्यरेषा आखतं. पेन्सिल डोळ्यासमोर धरून तांब्याचं पोट दोन्ही बाजूंना सारखं भरतंय का ते पाहतं, तोंडाचा लंबगोल दोन-तीनदा काढून त्यातला एक पक्का करतं आणि रंग घेण्याआधी बाकीच्या रेषा हलक्या हाताने पुसून टाकतं. मध्यरेषा जाते, चुकलेले लंबगोल जातात, राहतो तो एकच नेटका तांब्या. कागद काळवंडला की सरांच्या कपाळावर आठी पडते.

हेच मूल पुढे इंग्लंडात वाढलं आणि सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, ए-लेव्हलला फाइन आर्ट घेऊन बसलं, की पहिल्या महिन्यातच गोंधळतं. पान स्वच्छ, चित्र हुबेहूब आणि गुण मात्र मधले. आई-बाबांना वाटतं शिक्षकांची नजर वाकडी आहे. खरं कारण साधं आहे. परीक्षकाला जे बघायचं होतं, ते खोडरबराने पुसून टाकलेलं असतं.

गुण कशाला मिळतात ते एकदा नीट पाहिलं की उलगडा होतो. एक्यूए या परीक्षा मंडळाचा आराखडा घेऊ. बाकीच्या मंडळांच्या तपशिलात फरक आहे, गाभा तोच. दोन भाग असतात. पहिला स्वतः निवडलेल्या विषयाचा दीर्घ शोध, त्याला ६० टक्के. दुसरा मंडळाने दिलेल्या विषयांवरचं काम, त्याला ४० टक्के. दोन्ही भाग ९६-९६ गुणांचे, आणि दोन्हींत तेच चार निकष, प्रत्येकाला २४ गुण. कल्पना कशी वाढवत नेली आणि त्यासाठी कोणाकोणाचं काम अभ्यासलं, हा पहिला. साधनं-माध्यमं हाताळून पाहिली का, त्यातून निवड आणि सुधारणा केली का, हा दुसरा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदी केल्या का, स्वतःच्या कामाकडे टीकेच्या नजरेने पाहिलं का, हा तिसरा. आणि शेवटी हाती आलेलं चित्र मूळ हेतूला धरून आहे का, हा चौथा. म्हणजे भिंतीवर टांगायच्या चित्राच्या वाट्याला मुख्यतः एक चतुर्थांश. उरलेले तीन चतुर्थांश चित्रापर्यंत पोचण्याच्या वाटेचे, आणि ती वाट स्केचबुकात दिसली नाही तर परीक्षकाच्या लेखी ती नव्हतीच.

यात एक गंमत आहे. नेटकेपणाचा हा आपला सोस आला इंग्लंडातूनच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रकला शिकवायची २३ पायऱ्यांची पद्धत बसवली. बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या साच्यांच्या नकला, मग छायाप्रकाश, सगळं शिस्तीत. एकेका नकलेवर विद्यार्थी महिनोन्‌महिने ठिपके भरत बसत आणि खोडायला पावाचा मऊ गर वापरत. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स याच वातावरणातून आले होते, आणि ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षाही मुंबई इलाख्यात त्याच शतकात रुजल्या. पुढे इंग्लंडने हे ओझं टाकून दिलं. चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीमच्या अध्यक्षतेखालच्या कलाशिक्षण समितीचा १९६० चा अहवाल आला, पदवीच्या आधी वर्षभर सगळी माध्यमं हाताळून पाहायचा फाउंडेशनचा टप्पा पक्का झाला आणि ‘करून पाहणं’ हेच शिक्षणाच्या मध्यभागी आलं. आजचं ए-लेव्हल त्या वळणाचं आहे. आपण मात्र त्यांनी टाकलेला खोडरबर जपून ठेवला. एलिमेंटरीने हाताला जे वळण लागतं त्याला मी कमी लेखत नाही. लंबगोल चुकला तर कोणत्याही देशात चुकलेलाच असतो. पण ते वळण इथे इंग्लंडात भांडवल म्हणून लावायचं असतं, दाखवत बसायचं नसतं.

कोळशाचं एक काम जवळून पाहू, म्हणजे ‘पुसणं’ या क्रियेचे किती अर्थ होतात ते कळेल. इथल्या कलावर्गांत सुरुवातीला हमखास देतात तो विषय म्हणजे चुरगळलेली तपकिरी कागदी पिशवी. कागद ए-टू, कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा. पिशवी टेबलावर आणि दिवा एकाच बाजूला, पिशवीच्या उंचीहून थोडाच वर. दोन दिवे लावले की सावल्या एकमेकींना खातात आणि चित्र सुरू होण्याआधीच बसतं. कोळसा विलोच्या काड्यांचा. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचा भाऊबंद. इंग्लंडात सॉमरसेटच्या पाणथळ पट्ट्यात तो कापून, भट्टीत जाळून असा कोळसा करतात. काडी टोकाने न धरता आडवी धरायची आणि अख्खा कागद भरून टाकायचा. मग जुन्या सुती फडक्याने चोळून मधल्या छटेचा राखाडी पडदा करायचा. बाह्यरेषा काढायचीच नाही.

आता हातात घ्यायचा पुट्टी रबर, कणकेसारखा मळता येणारा. त्याची धार काढून पिशवीवर जिथे जिथे उजेड पडलाय ती पातळी उचलायची. इथे खोडरबर पुसत नाही, तोच पेन्सिल होतो. घडीची कड तीक्ष्ण असेल तिथे रबराला चिमटीत दाबून पातळ कड करायची आणि एकाच झटक्यात ओढायची. कागद हळूच वळला असेल तिथे रबर नुसता टेकवून उचलायचा. चार-पाच वेळा टेकवला की रबर काळा होतो. मळून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची, नाहीतर उजेडाच्या जागी चिखल होतो. अर्ध्या तासात पिशवी धुक्यातून बाहेर आल्यासारखी दिसू लागते. सर्वांत गडद जागा, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या आतला अंधार आणि टेबलाला टेकलेली खालची फट, अगदी शेवटी दाबून बनवलेल्या कोळशाने भरायच्या. हा कोळसा एकदा कागदात बसला की पूर्ण निघत नाही, त्यामुळे तो आधी वापरणारा फसतो.

बोटाने चोळायचा मोह तर प्रत्येकाला होतो. बोटाचं तेल कागदाला लागतं, तिथे चकचकीत डाग पडतो आणि पुढे त्या जागी कोळसा धरत नाही. सगळ्या घड्या सारख्याच गडद केल्या तर पिशवी सुरकुतलेली न वाटता पट्ट्यापट्ट्यांची वाटते. एकच जागा दहा वेळा घासली तर १५० ग्रॅमच्या कागदाचा खरखरीतपणा मरतो आणि मग काही केल्या गडद छटा येत नाही. अशा जागेशी झगडण्यात अर्थ नसतो, वरून कागदाचा तुकडा चिकटवून पुढे जावं. कोळसा कागदावर धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह फवारायचं ते उघड्या हवेत, साधारण फूटभर अंतरावरून, हलके दोन हात. एकच जाड हात मारला की उचललेला उजेड मळकट होतो. आणि फवारल्यावर रबर चालत नाही, हे विसरून चालत नाही.

कोळशात पुसलेलं कधीच पूर्ण जात नाही. फ्रँक ऑअरबाखने १९५० आणि ६० च्या दशकांत काढलेली कोळशाची मोठी मस्तकं पाहावीत. २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत ती एकत्र मांडली होती. समोर बसणारी माणसं तीच, आठवड्यांमागून आठवडे, महिने. दर बैठकीनंतर ऑअरबाख चेहरा पुसायचा आणि पुढच्या वेळी त्याच कागदावर पुन्हा काढायचा. घासून घासून कागद फाटायचा, मग ठिगळ लावून तो पुढे काढत राहायचा. ती ठिगळं आज चित्रात तशीच दिसतात, आणि चेहऱ्याला जे वजन आलंय ते त्या खाली गाडलेल्या चेहऱ्यांमुळे आलंय. युअन अग्लोची रीत अगदी उलट, थंड डोक्याची. तो कोल्डस्ट्रीमचाच विद्यार्थी. मॉडेलसमोर मापं घेत एकेका चित्रावर वर्षं काढायचा आणि मापाच्या बारीक आडव्या-उभ्या खुणा रंगात तशाच राहू द्यायचा. आपण मध्यरेषा पुसतो आणि अग्लो ती मिरवतो. सतरा वर्षांच्या मुलाला या दोघांची कामं एकाच आठवड्यात दाखवली, तर निम्मं व्याख्यान वाचतं.

स्केचबुकाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गुण तिथे मिळतात आणि तिथेच गळतात. ए-थ्री, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं, १५० ग्रॅमच्या पानांचं असलं की बहुतेक गोष्टी झेलतं. नवं कोरं पांढरं पान घाबरवतं, म्हणून दहा-बारा पानं आधीच बिघडवून ठेवावीत. काहींवर चहाचं किंवा कॉफीचं पाणी, काहींवर पातळ ॲक्रिलिकचा हात, काहींवर जुन्या नकाशाचा तुकडा नाहीतर जेसोचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, खरखरीत पट्टा. पण ही पार्श्वभूमी विषयाशी बोलणारी असावी. गंजलेल्या सायकलींचा अभ्यास चाललेला असताना पानामागे वर्तमानपत्र कशासाठी, याला उत्तर नसेल तर ती नुसती सजावट. गोल कापलेल्या फोटोभोवती चमचमत्या पेनाने काढलेली वेलबुट्टी, पानभर फुगीर अक्षरांतलं शीर्षक, यात शनिवार-रविवार जातो आणि चारांपैकी एकाही निकषात त्याची नोंद होत नाही.

चित्राशेजारी लिहायच्या टिपणांची कथा आणखी वेगळी. ‘मी इथे कोळसा वापरला. मला हे चित्र आवडलं कारण ते खरं वाटतं. मला आणखी वेळ मिळाला असता तर मी ते अधिक चांगलं केलं असतं.’ अशी टिपणं हजारो स्केचबुकांत असतात आणि ती वाचून कोणालाही काही कळत नाही. आता हे पाहा: ‘डावी घडी फार गडद झाली, त्यामुळे पिशवी बसकी न दिसता फाटलेली दिसते. सर्वांत गडद जागा तळाशी न्यायला हवी. उद्या दिवा वीतभर खाली आणून, तळाची फट आधी ठरवून पुन्हा.’ आणि पुढच्या पानावर खरोखर दिवा खाली आणून काढलेली पिशवी. काय बिघडलं, कशामुळे, पुढे काय करणार, आणि पान उलटल्यावर ते केलेलं. दोन-तीन वाक्यं पुरतात. ही टिपणं त्याच संध्याकाळी लिहावीत. मे महिन्यात बसून सप्टेंबरच्या पानांवर घातलेली टिपणं ओळखू येतात. सगळीकडे एकच पेन, एकच सूर आणि सगळ्याच निर्णयांमागे आश्चर्यकारक दूरदृष्टी.

दुसरा मोठा गळका डबा म्हणजे इंटरनेटवरचे फोटो. ‘डोळा’ असा शब्द टाकून मिळालेला डोळा हजारो मुलांनी काढलेला असतो. तो आधीच कोणीतरी सपाट केलेला, प्रकाश ठरवलेला, चौकट कापलेली. निर्णय घ्यायला काही शिल्लकच नसतं. स्वतः काढलेला हललेला, अंधुक फोटोही त्याहून कामाचा, कारण त्यात कुठे उभं राहायचं हे तुम्ही ठरवलंय. शक्यतो वस्तूच समोर ठेवावी. बाहेरचा फोटो वापरलाच तर तो कुठून घेतला ते शेजारी लिहिणं बंधनकारक आहे. ट्रेसिंगला बंदी नाही, पण गिरवलेली रेषा मेलेली असते. सगळीकडे सारख्याच जाडीची, कुठेही न अडखळलेली. ती ओळखायला परीक्षकाला चष्मा लागत नाही.

माध्यमांच्या बाबतीत बिघडण्याचे प्रकार ठरलेले आहेत. जलरंगाचा ओला हात १५० ग्रॅमच्या पानावर मारला की पान फुगतं आणि रंग खळग्यांत साचतो. ३०० ग्रॅमचा कागद घ्या, नाहीतर भिजवून डिंकाच्या तपकिरी पट्टीने फळीवर ताणून वाळवा. तैलरंग थेट कागदावर लावला तर तेल झिरपून भोवती पिवळट वलय उठतं आणि कालांतराने कागद ठिसूळ होतो, त्यामुळे आधी जेसोचे दोन हात, मध्ये बारीक पॉलिश पेपर. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही. ते सुटून येतं. लिनोवर, म्हणजे छापण्यासाठी कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, अक्षरं उलटी कोरायची असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी कोणाचं तरी नाव उलटं छापलं जातं. लिनो थंडीत कडक होतो, रेडिएटरवर दोन मिनिटं ठेवला की लोण्यासारखा कापतो. कोरायचं ते हातापासून लांब. दुसरा हात हत्याराच्या पुढे आला की वर्ग संपतो आणि प्रथमोपचार सुरू होतो. शाई लावताना रोलरचा आवाज ऐकावा. बारीक सळसळ आली तर थर बरोबर, पच्‌पच्‌ आलं तर जास्त झाली आणि बारीक रेषा बुजणार. एकाच लिनोतून टप्प्याटप्प्याने कापत जाऊन अनेक रंग छापायचे असतील, तर शेवटी पाच प्रती हव्या असताना पहिल्या रंगाच्या दहा काढाव्यात. कापलेला भाग परत येत नाही आणि जुळणीत निम्म्या प्रती वाया जातात.

पहिल्या भागात चित्रांच्या जोडीला एक लिखाणही लागतं, एक्यूएच्या बाबतीत १००० ते ३००० शब्दांचं सलग गद्य. इथे मुलं चित्रकाराचा जन्म, शिक्षण, लग्न, मृत्यू अशी शिदोरी बांधून आणतात. त्यातलं काहीही स्वतःच्या चित्राला लागू होत नसेल तर त्या शब्दांना वजन नाही. प्रश्न अरुंद हवा. ‘सूझाची चित्रकला’ हा विषय होत नाही. ‘जाड काळी रेषा चेहऱ्याला बांधून टाकते की मोकळं करते’ हा होतो, आणि मग सूझा त्यात आपोआप येतो. गोव्यातल्या सालिगावचा, जे. जे.तून काढून टाकलेला, १९४९ मध्ये लंडन गाठलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्याचं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यातली रेषा स्वतःच्या आजोबांच्या चेहऱ्यावर वापरून पाहिली, तीनदा फसली, चौथ्यांदा काहीतरी वेगळंच निघालं, हे लिहायला लागलं की १००० शब्द कमी पडतात.

मराठी घरातल्या मुलांसमोर आणखी एक सापळा असतो, ‘आपली संस्कृती’ नावाचा. मेंदी, पणत्या, मंडल आणि वारली. शिक्षकही कौतुकाने त्याच दिशेला ढकलतात. त्रिकोणी धडांची पांढरी माणसं तपकिरी कागदावर गोल नाचवली की काम झालं, असं वाटतं. ते काम नव्हे, ती नक्षी. पण तोच विषय मुळापासून धरला तर काय सापडतं पाहा. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात, हो, लिहितात. मध्ये पालघाट देवी. भिंत कुडाची, शेणामातीने सारवलेली. रंग तांदळाच्या पिठाचा. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. चित्र टिकावं असा हेतूच नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हे कागद-कापडावर आणलं तेव्हा ते समारंभातून सुटलं आणि बाजारात आलं. आता प्रश्न असा पडतो, की भिंतीसाठी, एका दिवसासाठी, बायकांनी लिहिलेली गोष्ट चौकटीत गेली की तिचं काय होतं? या प्रश्नावर पीठ, माती, गेरू घेऊन केलेले प्रयोग, वाळल्यावर गळून पडलेले थर, त्यांचे रोज एक असे आठ दिवस काढलेले फोटो, हे सगळं पहिल्या तिन्ही निकषांत थेट बसतं. पिठाचा थर गळला म्हणून मूल रडकुंडीला येतं, तेव्हा त्याच्या हातात सर्वांत चांगलं पान आलेलं असतं.

लंडनच्या आसपास राहणाऱ्यांना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या मुलांनी हेवा करावा अशी. नॅशनल गॅलरी, टेट, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) या सगळ्यांचे कायमचे संग्रह फुकट पाहता येतात, आणि पेन्सिल-वही घेऊन बसलेल्या मुलाला सहसा कोणी हटकत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासिकेत आधी वेळ ठरवली तर जुन्या चित्रकारांची मूळ रेखाटनं समोर आणून ठेवतात. तिथे पाहायचं ते काय काढलंय यापेक्षा काय बदललंय. हाताची जागा सरकवलेली, पाय दोनदा काढलेला, कडेला कुंचला साफ केल्याचे फराटे. व्ही अँड एच्या संग्रहात ग्रिफिथ्सने जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात करवून घेतलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला आहेत. १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या. भिंतीवरचे पोपडे, भेगा, पुसलेले चेहरे त्या मुलांनी जसेच्या तसे उतरवले. ज्यांना स्वतःच्या कागदावर डागही चालत नव्हता, त्यांना दुसऱ्याच्या भिंतीवरचा प्रत्येक डाग काढावा लागला.

दुसऱ्या वर्षी १ फेब्रुवारीला मंडळाचा पेपर हाती येतो. एक्यूए आठ विषय देते, त्यातला एक निवडायचा. पेपर म्हणजे प्रश्न नव्हेत, सुरुवातीच्या जागा. एखादा शब्द, त्याला जोडलेली चार-दोन चित्रकारांची नावं, एवढंच. मग तयारीचे काही आठवडे आणि शेवटी देखरेखीखालचे १५ तास. पहिले ३ तास सलग, बाकीचे शाळेच्या सोयीने. बहुतेक ठिकाणी पाच-पाच तासांचे तीन दिवस करतात. घड्याळ सुरू झालं की तयारीच्या कामात एक रेघही वाढवता येत नाही. ते समोर ठेवून बघता येतं, बस्स. शिक्षक खोलीत असतात, पण काय करावं हे सांगू शकत नाहीत. दिवस संपला की काम कुलपात.

पहिला सुचलेला विषय घेऊन धावत सुटणं ही फेब्रुवारीतली चूक. तीन विषय निवडून प्रत्येकाला दोन-दोन पानं द्यावीत. आठवड्याने कोणतं पान स्वतःहून तिसरं पान मागतंय ते दिसतं. मार्च-एप्रिलमधली चूक आकाराची. मोठं चित्र म्हणजे मोठे गुण, अशी समजूत पक्की असते. इथे सरळ हिशोब करावा. अंतिम चित्रातला अवघड भाग, समजा हात किंवा कापडाची घडी, १५ बाय १५ सेंटिमीटरच्या तुकड्यावर पूर्णत्वाला न्यायचा आणि घड्याळ लावायचं. समजा दीड तास लागला. तुकडा २२५ चौरस सेंटिमीटरचा. ए-वन कागद सुमारे ५००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे असे २२ तुकडे, ३३ तास. ए-टू त्याच्या निम्मा, साडेसोळा तास. ए-थ्री सव्वाआठ. सगळीकडे तेवढंच बारीक काम नसतं हे धरलं तर ए-टू जमतो, ए-वन जमत नाही. हा हिशोब स्केचबुकात लिहिला तर तोही कामाच्या आखणीचा पुरावा ठरतो.

तैलरंगात काम करणाऱ्यांनी तासांबरोबर दिवसांचाही विचार करावा. लागोपाठच्या तीन दिवसांत जाड थर वाळत नाही, दुसऱ्या दिवशी वरचा रंग खालच्यात कालवला जातो आणि सगळं राखाडी होतं. उपाय दोन. पहिल्या दिवशी खालचा थर ॲक्रिलिकने मारून घ्यायचा, ते अर्ध्या तासात वाळतं. किंवा तैलरंगात लवकर वाळवणारं अल्किड माध्यम मिसळायचं. तेलातल्या शाईने अनेक रंगांत छापणाऱ्यांनी दर रंगामध्ये एक रात्र मिळेल असं वेळापत्रक आधीच शाळेकडून मागून घ्यावं. जेसो लावून ठेवणं, कॅनव्हास ताणणं यातलं काय आधी उरकता येतं, हेही तेव्हाच विचारावं. रंगांच्या मिश्रणांची पट्टी तयारीत करून ठेवलेली असली की पहिला तास वाचतो: कोणते दोन रंग, साधारण किती प्रमाण, वाळल्यावर किती गडद होतं. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं आणि पहिल्या दिवशीचा रंग तिसऱ्या दिवशी पुन्हा जुळवताना भले भले रडतात. लागेल त्याच्या दुप्पट मिसळून झाकणाच्या डबीत ठेवावा. चेहरा आणि हात शेवटच्या दिवसावर ढकलू नयेत. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता हात कापत असतो, आणि बोटं काढायची ती वेळ नव्हे.

पालकांना एक प्रश्न सतावतोच, की या विषयाने विद्यापीठाचं दार बंद होतं का. ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांच्या रसेल ग्रूपची ‘उपयुक्त विषयांची’ जी प्रसिद्ध यादी दाखवून मुलांना फाइन आर्टपासून परावृत्त केलं जायचं, ती २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच मागे घेतली. वैद्यकीयसाठी बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागतं ते लागतंच. ए-लेव्हलला सहसा घेतात त्या तीन विषयांतला तिसरा चित्रकला असला म्हणून आकाश कोसळत नाही, आणि वास्तुकलेच्या अनेक अभ्यासक्रमांना तर पोर्टफोलिओ मागतातच. मात्र सोपा विषय म्हणून कोणी घेऊ नये. तिन्ही विषयांत घरचा सर्वाधिक वेळ हाच खातो.

मेअखेर गुण शिक्षक देतात, मग मंडळाचा माणूस येऊन निवडक मुलांचं काम तपासतो. त्याआधीच्या आठवड्यात कलावर्गात मांडामांड चालते आणि हमखास कोणीतरी स्केचबुकातली ‘खराब’ पानं फाडायला बसतं. फाडू नये. शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की शिवणीच्या पलीकडचं जोडीचं पानही सैल होतं, आणि राहिलेली चिंधोटी सांगतेच की इथे काहीतरी होतं. फाडून झालंच असेल तर कचऱ्याच्या डब्यातून काढावं, जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून सपाट करावं आणि त्याच जागी आम्लरहित चिकटपट्टीने आतल्या कडेला बसवावं, फाटलेली कड दिसेल असं. शेजारी एक ओळ: फाडलं होतं, का फाडलं होतं, आणि परत का लावलं.